नाक, नाकतोडा आणि तायडे सर

तायडे सरांना इंग्रजी भाषेतल्या सभ्य शब्दांत फारसा रस नव्हता. ते शब्द ते शिकवत, मन लावून शिकवत, आणि त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं मॅट्रिकला इंग्रजीत सहसा अडकत नसत. पण ‘थँक यू’ आणि ‘प्लीज’ शिकवताना त्यांचा चेहरा सोयरिकीच्या बैठकीत बसलेल्या माणसासारखा अवघडलेला असे. सर खरे खुलायचे ते चोर, खिसेकापू, खलाशी, दारूच्या गुत्त्यावरची माणसं यांनी आपापसात घडवलेल्या शब्दांवर. त्यातही एक गोत्र त्यांच्या विशेष जिव्हाळ्याचं होतं. चुगली करणारा, पोलिसांना खबर देणारा, आपल्याच माणसाचं नाव सांगून मोकळा होणारा, अशा माणसाला इंग्रजीत किती नावं आहेत आणि ती कुठून आली, हे सांगायला लागले की सरांना घंटा ऐकू येत नसे.

मी कामरगावच्या हायस्कुलात शास्त्र शिकवायला लागले तेव्हा कामरगाव अकोला जिल्ह्यात होतं. वाशीम जिल्हा व्हायला अजून पुष्कळ वर्षं होती. शाळेवर टिनाचं छप्पर होतं आणि माझा वर्ग व सरांचा वर्ग यांच्या मधे फक्त बांबूच्या तट्ट्याची भिंत. त्यामुळे सर मला आधी ऐकू आले आणि मग दिसले.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मी आठवीला फुलाचे भाग सांगत होते. पलीकडून एका पोराचा आवाज आला, “सर, गजानन खिडकीतून पळून राह्यला.”

आता छडीचा आवाज येईल म्हणून माझा अख्खा वर्ग कान देऊन बसला. पण सर शांतपणे म्हणाले, “पळू दे त्याले. तू आत्ता जे केलं, त्याले इंग्रजीत काय म्हनतात, ठाव हाय काय?”

“नाई सर.”

“स्निच. पन आधी स्निच म्हंजे नाक. दुसऱ्याच्या कारभारात जो नाक खुपसते, थो स्निच. आनखी एक शब्द हाय, नार्क. थे तं आपलंच नाक हाय रे बाप्पा. इकडून कधीकाळी निंगालेले भटके लोक फिरत फिरत पार इंग्लंडात पोचले. त्यायच्या बोलीत नाकाले नाकच म्हनत. लंडनच्या चोरायनं थो शब्द उचलला. चोरच थे, उचलनारच.”

वर्ग हसला. हसण्यात एक आवाज जरा लांबून आला. नंतर कळलं, गजानन एक पाय खिडकीबाहेर टाकून तसाच ऐकत बसला होता. सर त्याला म्हणाले, “तू काहून थांबला? तुले जायाचं होतं नं?” गजानन मुकाट्यानं आत आला. त्यानंतर आमच्या शाळेत चुगलीखोर जवळ आला की पोरं नाकाला बोट लावू लागली. महिन्याभरात ही खूण बाजारातल्या दुकानदारांनी उचलली. मुख्याध्यापक स्टाफरूममध्ये शिरले की चित्रकलेचे राऊत सर हटकून नाक खाजवत, आणि मुख्याध्यापक बिचारे रुमाल काढून स्वतःचं नाक पुसत.

सरांचं स्वतःचं नाक चांगलं भरदार होतं. उंची बेताची, अंगात पांढरा सदरा, खिशाला खडूचे डाग. विचारात पडले की चपला काढून ठेवत आणि विचार संपल्यावर त्या कुठं काढल्या ते विसरत. इंग्रजी बोलत ते पक्क्या वऱ्हाडी चालीवर, आणि त्याबद्दल त्यांना काडीची लाज नव्हती. “इंग्रजीले भेवाचं काम नाई,” ते पोरांना सांगत, “थेबी कोनाच्या तरी मायची बोली होय.” चुकलेल्या स्पेलिंगला त्यांनी कधी छडी मारली नाही. मात्र तास संपेपर्यंत ज्यानं एकही प्रश्न विचारला नाही, त्याला उभं करत.

शब्दांची त्यांची खाण म्हणजे अकोल्याच्या रद्दीवाल्याकडून आणलेला एक जाडजूड कोश. त्याचा पुठ्ठा आणि सुरुवातीची पानं गायब होती. ‘ए’वरून सुरू होणारे वाईट शब्द आपल्याला येत नाहीत, असं सर गंभीरपणे कबूल करत. जोडीला कव्हरं फाटलेल्या इंग्रजी गुप्तहेर कादंबऱ्या. खून कोणी केला याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. पकडलेला माणूस दुसऱ्याचं नाव सांगतो त्या पानावर ते पेन्सिलीनं खूण करत. कोणी पिंजऱ्यातल्या कॅनरीसारखं गातो, कोणी डुकरासारखा किंचाळतो, कोणी जमिनीखालून पोखरतो, कोणी बुडत्या जहाजावरून उडी टाकणारा उंदीर होतो. “सगळे जनावरंच हायेत, बाई,” ते मला म्हणाले होते. “मानूस एकबी नाई.” एका शब्दापुढे मात्र ते हात टेकत. फिंक. हा कुठून आला ते कोणालाच ठाऊक नाही, असं सांगताना त्यांना इतकं समाधान वाटे, जणू तो एकटाच पकडला न जाता निसटला.

गंमत अशी की एवढ्या चुगलीखोरांचा अभ्यास असलेल्या या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नसे. माझं लग्न ठरलं ते मी शाळेत फक्त सरांना सांगितलं, तेही कोणाला सांगू नका म्हणून. दुपारच्या सुट्टीत सातवीतल्या मुली नवरदेवाचं गाव कोणतं म्हणून विचारत माझ्याभोवती जमल्या. मी सरांच्या घरी जाऊन तक्रार केली. सरांच्या पत्नी, शांताबाई, चुलीपुढे भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, “यायले काही सांगनं म्हंजे दवंडी देनं. इंग्रजीत यायले काय म्हनतात थे इचारा एकडाव.”

सर जराही शरमले नाहीत. “पीच म्हनतात,” ते म्हणाले. “पीच हे एक गोड फळ होय, अन् पीच करनं म्हंजे नाव सांगनं. खबर गोड होती बाई, म्हनून पीच केली.” शांताबाईंनी भाकरी उलटली आणि मला म्हणाल्या, “पाह्यलं? सुटका हाय काय कोठी?”

पण या शब्दांशी सर नुसते खेळत नसत. ते मला सुमनच्या वेळी कळलं.

दुष्काळाचं साल होतं. विहिरी आटल्या होत्या, गावाबाहेर रस्त्याचं काम निघालं होतं आणि निम्मं गाव तिथं खडी फोडत होतं. शाळेत मुलांना सुकडी, म्हणजे पीठ-गुळाचा सरकारी खाऊ, वाटत. वाटप करणारा माणूस गावातलाच, आठवीतल्या प्रल्हादचा बाप. मूठ भरून द्यायची ती तो चिमटीनं दिल्यासारखी देई. एक दिवस तालुक्याहून साहेब पाहणीला आले. त्यांनी सहज विचारलं, सुकडी मिळते ना? सगळ्यांनी हो म्हटलं. आठवीतली सुमन उभी राहिली आणि म्हणाली, “अर्धीच भेटते साहेब. उरलेले पोते बैलबंडीत टाकून नेतात. म्या पाह्यलं.”

चौकशी झाली, त्या माणसाकडून काम काढून घेतलं, दुसऱ्या दिवसापासून मुलांच्या ओंजळी भरू लागल्या. आणि त्याच दिवसापासून सुमनशी कोणी बोलेना. तिच्या बाकावर कोणी बसेना. वर्गाच्या दारावर कोणीतरी कोळशानं ‘चुगलखोर सुमी’ असं लिहिलं. भरलेल्या तोंडानं सुकडी खात पोरं तिच्याकडे पाहून नाकाला बोट लावत. सुमन शाळेत यायची बंद झाली.

नाकाची ती खूण सरांच्या तासातूनच गावात गेलेली. ती अशा ठिकाणी पोचलेली पाहून ते त्या दिवशी स्टाफरूममध्ये आलेच नाहीत. शाळा सुटल्यावर मला म्हणाले, “बाई, संग येता काय? पोरगी एकट्या मास्तरसंग बोलनार नाई.”

आम्ही रस्त्याच्या कामावर गेलो. सुमन आईशेजारी बसून खडी फोडत होती. डोक्याला फडकं, भुवया धुळीनं पांढऱ्या. सर दगडांच्या ढिगावर बसले, चपला काढून बाजूला ठेवल्या.

“सुमन, चुगलखोराचे इंग्रजीत शब्द किती हायेत, सांगतले होते नं मी?”

तिनं वर पाहिलं नाही. “लय हायेत.”

“थे कोनं बनवले?”

“इंग्रजायनं.”

“नाई. चोरायनं बनवले. एकूनएक. ज्याची चोरी पकडल्या गेली, त्यानं सांगनाऱ्याले नाव ठेवलं. ज्याच्या घरी चोरी झाली, त्यानं नाई ठेवलं. मी इतके वर्सं थे शब्द जमवून राह्यलो, पन थे कोनाच्या तोंडचे हायेत, हे तुह्यामुळं ध्यानात आलं.”

सुमनचा हातोडा थांबला. “मंग जो चोर नसंन, थो काय म्हनते?”

हा प्रश्न सरांना अपेक्षित नव्हता. त्यांनी ढिगावरचा एक खडा उचलून हातात फिरवला. मग म्हणाले, “साक्षीदार म्हनते. साक्षी म्हंजे ज्यानं सोताच्या डोयानं पाह्यलं थो. त्या शब्दात ‘अक्ष’ हाय, म्हंजे डोया. चोराले तुहं नाक दिसलं. पन तू तं डोयानं पाह्यलं होतं.”

सुमनची आई इतका वेळ खाली मान घालून काम करत होती. ती म्हणाली, “सर, नाक बी हाय तिले अन् डोये बी हायेत. पन पोट बी हाय नं. शाळेत नाई आली तं तिची सुकडी कोन देईन?”

“म्हनून तं न्यायले आलो, माय,” सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सुमन आली. तट्ट्याच्या अलीकडे मी शिकवायचं थांबवलं होतं, आणि माझा वर्गही गप्प होता. सरांनी पोरांना सगळे शब्द पुन्हा सांगितले आणि ते कोणी घडवले तेही सांगितलं. मग विचारलं, “सुकडी कोनाची होती?”

“आमची,” सगळे ओरडले.

“मंग सुमननं चुगली कोनाची केली?”

तट्ट्यापलीकडून एक बारीक आवाज आला. प्रल्हादचा. “माह्या बापाची.”

त्या क्षणी सर काय म्हणतील याची मला धास्ती वाटली. त्या पोराचाही दोष नव्हता. सर म्हणाले, “प्रल्हाद, तुले रोज किती भेटे रे सुकडी? पुरी का अर्धी?”

“अर्धीच सर. बाबा म्हने, तुले जास्त देल्ली तं लोकायले समजंन.”

वर्गात हसू फुटलं. आधी दबकत, मग मोठ्यानं, आणि त्यात प्रल्हादही होता. “म्हंजे तुहीबी चोरी झाली लेका,” सर म्हणाले. “जा, बस सुमनच्या बाकावर. दोघंबी एकाच कज्ज्यातले हा.” मधल्या सुट्टीत दारावरचा कोळसा प्रल्हादनंच ओल्या फडक्यानं पुसला. सुमन पुढे मॅट्रिक झाली, कारंज्याच्या दवाखान्यात नर्स झाली.

सरांचा हा सिद्धांत, की सगळे शब्द चोरांनी घडवले, काही वर्षं टिकला. मग आणीबाणी आली.

त्या दिवसांत मास्तरांना गावोगाव फिरून नसबंदीसाठी माणसं आणायचं काम लावलं होतं. राऊत सरांचं तोंड मुळातच सैल. एकदा चहाच्या वेळी ते म्हणाले, “आपनच मानसं न्यायचे अन् आपलीच शाळा खाली पाडायची. पोट्टेच नाई जन्मले तं शिकवता कोनाले?” आम्ही सगळे हसलो. दोन दिवसांनी राऊत सरांना पोलीस ठाण्यात बोलावणं आलं. दिवसभर बाकावर बसवून ठेवलं, पुन्हा असं बोललास तर आत टाकू म्हणून सोडलं. परत आलेल्या राऊत सरांचा चेहरा मातीसारखा झाला होता.

खबर गेली कुठून? चहाच्या वेळी स्टाफरूममध्ये आम्ही मास्तर आणि किटली घेऊन उभा असलेला नामदेव शिपाई. नामदेव पन्नाशीचा, शाळा सुरू झाल्यापासूनचा माणूस. कोणी त्याला काही विचारलं नाही. फक्त त्याच्या हातचा चहा कोणी घेईना. तो कप भरून ठेवी आणि तास संपल्यावर भरलेले कप परत नेई.

तायडे सर एकटेच पीत. आपला कप संपवून ते राऊत सरांचाही पिऊन टाकत. राऊत सर एक दिवस चिडून म्हणाले, “सांगा न आता तुमचा सिद्धांत. पोलीसच इचारते, शिपाईच सांगते, अन् धरल्या जातो मी. मंग चोर मीच काय?”

सरांनी चपला काढल्या. “मले दोन दिवस द्या,” ते म्हणाले.

त्यांनी केलं ते इतकंच की नामदेवला सरळ विचारलं. शाळेमागच्या कडुनिंबाखाली दोघं बराच वेळ बसले होते. नंतर स्टाफरूममध्ये येऊन सर बोलायला लागले. इतक्या वर्षांत मी त्यांना स्वतःच्या घराबद्दल बोलताना क्वचितच ऐकलं होतं.

“नामदेवनं सांगतलं, हे खरं हाय. ठाण्याचा जमादार त्याच्या घरी जाऊन बसला. म्हने, मास्तर लोक काय बोलतात थे रोज सांग, नाई तं नोकरी जाईन. त्याले काय ठाव का हसनंबी गुन्हा असते.” मग ते म्हणाले, “माहा आजा किन्हीराजा गावाकडचा. गावात चोरी झाली, कोनी मेलं, कोनाचं भांडन झालं, का ठाण्यात खबर नेन्याचं काम आमच्याच घराकडं. पिढ्यान्‌पिढ्या. सांगतलं तं गाव मारे, नाई सांगतलं तं ठाणं मारे. छप्पन साली आमी बौद्ध झालो अन् थे काम बापानं सोडलं, तवा कोठी आमची पाठ मोकळी झाली. इंग्रजीत एक शब्द हाय, स्टूल पिजन. शिकारी लोक एका कबुतराचा पाय दोरीनं बांधत. थे फडफडलं का बाकीचे कबुतरं खाली उतरत, अन् जाळ्यात सापडत. आपल्या इकडं तितराचं करतात तसंच. मी इतके दिवस नाव कोनं ठेवलं थे पाहत होतो. पाय कोनाचा बांधला हाय, हेबी पाहा लागते.”

मग सर अगदी सावकाश म्हणाले, “अन् हातचं पानी न घेनं म्हंजे काय, थे मले कोनी शिकवू नका.”

राऊत सरांनी मान खाली घातली. पण प्रश्न उरलाच होता. जमादार रोज नामदेवला विचारणार, आणि नामदेव रिकाम्या हातानं गेला तर नोकरीवर टाच. त्यावरचा उपाय सरांनी आधीच ठरवला होता. नामदेवला बोलावून ते म्हणाले, “नामदेवभाऊ, खोटं नाई सांगायचं. जे कानावर पडंन थेच सांगायचं. रोज एक खबर तुमाले आमी देऊ.”

दुसऱ्या दिवसापासून चहाच्या वेळी सर एक एक शब्द शिकवू लागले. चांगल्या मोठ्या आवाजात. आज गवत. उद्या उंदीर. परवा गाणारा पिवळा पक्षी. आम्ही शंका विचारत होतो, वाद घालत होतो, आणि नामदेव किटली हातात धरून एकेक शब्द ओठांतल्या ओठांत घोकत होता. संध्याकाळी तो जमादाराला इमानेइतबारे सांगे, “आज तायडे सर म्हनले, गवत लय जुनं हाय. राऊत सर म्हनले, उंदीर जहाजावरून पळाला.”

आठवडाभर जमादारानं ऐकून घेतलं. मग तो स्वतः शाळेत आला. आडव्या बांध्याचा माणूस, पट्ट्याच्या वर पोट. त्याला दारात पाहून मुख्याध्यापकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

“तुमी लोक हे काय बोलून राह्यले?” जमादार बोटांवर मोजत म्हणाला. “गवत म्हंजे कोन? उंदीर कोन? पिवळा पक्षी कोनचं गानं गाते? साधीसुधी भाषा नाई हे. खुणेची भाषा हाय.”

“बराबर वळखलं, साहेब,” तायडे सर म्हणाले. “खुणेचीच हाय. बसा. सांगतो.”

आणि सरांनी त्याला पहिलीपासून शिकवायला घेतलं. फळा नव्हता म्हणून कपाटाच्या दारावर खडूनं.

“लंडनचे चोर पोलिसाले कॉपर म्हनत. पन त्याच्यासमोर कॉपर म्हनलं तं थो दंडुका घाली. म्हनून त्यायनं जुळनारा शब्द काढला. ग्रासहॉपर.”

“म्हंजे काय?”

“नाकतोडा.”

जमादाराच्या कपाळाला आठी पडली. “मंग?”

“मंग अर्धा शब्द तोडून फेकला, म्हंजे कोनालेच समजू नये. ऱ्हायलं ग्रास. गवत. पोलिसाले खबर देते थो गवत.” एवढं बोलून सर एकदम थबकले. त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड आला की जमादार समोर बसलाय हेच ते विसरले. आमच्याकडे वळून म्हणाले, “बाई, पाह्यलं काय? थो तिकडचा नार्क म्हंजे नाक. अन् हा ग्रासहॉपर आपल्या इकडं नाकतोडा. फिरून फिरून नाकावरच आलं. इतके वर्सं मले कसं नाई दिसलं?”

“म्हंजे तुमी मले नाकतोडा म्हनता?” जमादार म्हणाला.

“मी नाई साहेब. लंडनचे चोर म्हनत. अन् तुमाले नाई, तिकडच्या पोलिसाले.”

जमादारानं कपाटाच्या दाराकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले, कॉपर, ग्रासहॉपर. मग पट्ट्यावरचं पोट हळूहळू हलायला लागलं आणि तो असा हसला की बाहेर पोरं खिडकीला जमली. डोळे पुसत म्हणाला, “आमचे इकडचे चोर आमाले मामा म्हनतात. थे बरं मंग, नातं तरी लावतात.” हसू ओसरल्यावर त्याची नजर कोपऱ्यात उभ्या असलेल्या नामदेवकडे गेली. “अन् हा मंग तुमचं गवत काय?”

नामदेव चहाचा ट्रे घेऊन पुढे आला.

“नाई साहेब,” तायडे सर म्हणाले. “हा पाय बांधलेला पक्षी हाय. दोर ज्याच्या हातात हाय, त्याच्यासाठी शब्द शोधा लागंन.”

हे बोलणं सोपं नव्हतं. त्या काळात तर नव्हतंच. जमादारानं हात लांब करून नामदेवच्या ट्रेमधला एक कप उचलला आणि बशीत ओतून फुर्र करत प्यायला. “माह्याबी पायाले दोर हाय, गुरुजी,” तो म्हणाला. “वरतून रोज इचारतात, काय खबर. मी काय सांगू?”

“सांगा,” सर म्हणाले, “कामरगावात गवत बरं हाय.”

जमादार पुन्हा हसला. जाताना त्यानं नाकतोडा शब्द इंग्रजीत पुन्हा एकदा म्हणवून घेतला, पोराला विचारायचा म्हणून. त्यानंतर नामदेवच्या घरी तो कधी गेला नाही. राऊत सरांना पुन्हा बोलावणं आलं नाही.

तो बाहेर पडल्यावर राऊत सर उठले, नामदेवसमोर गेले आणि म्हणाले, “नामदेवभाऊ, थंडा झाला असंन तं असू दे. दे.” नामदेव म्हणाला, “थंडा काहून देऊ? गरम करून आनतो नं.” आणि किटली घेऊन धावत गेला. मी तोपर्यंत चहा पीत नसे, लहानपणापासून सवयच नव्हती. त्या दिवशी माझ्यापुढेही कप आला आणि मी घेतला. फार गोड होता. आनंदाच्या भरात नामदेवनं साखर दोनदा टाकली होती.

पुढे एक-दोन वर्षांनी सरांना रिसोडकडच्या एका शाळेत मुख्याध्यापकाची जागा मिळाली. निरोपाच्या दिवशी भाषण करा म्हटलं तर ते म्हणाले, मी सगळं आधीच सांगून बसलो हाय, माह्या पोटात काही ऱ्हायलं नाई. मीही बदलीनं वाशीमला आले. भेटायचं राहत गेलं.

एकोणऐंशी साली परीक्षेच्या कामाला मी रिसोडला गेले होते. परतीच्या एसटीत खिडकीशी बसले, गाडी निघायच्या बेतात होती. स्टँडवरच्या पिंपळाखाली पाच-सहा ड्रायव्हर-कंडक्टर घोळका करून उभे दिसले, आणि मधे पांढरा सदरा. केस बरेच पिकले होते. एक कंडक्टर हातवारे करत काही सांगत होता. तेवढ्यात आमचा कंडक्टर उशिरा धावत येऊन गाडीत चढला; तोही त्या घोळक्यातूनच आला होता.

“ते मास्तर काय विचारत होते हो?” मी विचारलं.

“पागलच हाय बाप्पा थो,” तो घंटीची दोरी ओढत म्हणाला. “तिकिटं तपासनारा साहेब रस्त्यात उभा असला का आमी एकमेकायले कसं सांगतो, कोनता शब्द वापरतो, थे इचारून राह्यला. आता सांगाव काय असं कोनाले?”

“मग सांगितलं की नाही?”

“सांगतलं नं,” कंडक्टर म्हणाला. “इचारतेच असं गोड.”

मी खिडकीतून हाक मारली. पण इंजिन सुरू झालं होतं आणि माझा आवाज त्यातच विरला. गाडी वळली तेव्हा सर एकाच पायात चप्पल घालून उभे होते, दुसरी चप्पल कुठंतरी बाजूला पडलेली. समोरच्या ड्रायव्हरनं त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. सरांनी ते ऐकलं, क्षणभर डोळे मिटले, आणि मग मान मागे टाकून, दोन्ही हातांनी त्या ड्रायव्हरचे खांदे धरून हसत सुटले.